तीर्थरूप दादांस, स्वल्पविराम

सरांच्या हातांनी सरांचं ऐकणं सोडलं, तेव्हा सरांना दुःखापेक्षा राग जास्त आला. छत्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेला माणूस. वेग मिनिटाला साठ शब्द, तोही डोळे खिडकीबाहेर ठेवून. "बोटं ही नोकर आहेत, त्यांना लाडावून ठेवू नका," असं त्यांनी काही हजार विद्यार्थ्यांना बजावलं होतं. आता म्हातारपणी त्याच नोकरांनी संप पुकारला. चहाचा कप तोंडाशी येईपर्यंत निम्मा बशीत जाई आणि उरलेल्यातला निम्मा सदऱ्यावर. डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. सरांना त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या आणि औषधावरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला.

कपाचं एक वेळ निभावलं असतं. सून कपात अर्धाच चहा ओतायची, दोनदा ओतायची आणि त्याचा गवगवा करायची नाही. ही सून सरांचीच जुनी विद्यार्थिनी. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सासऱ्याला ती 'सर'च म्हणे, आणि सरांनाही तेच बरं वाटे. मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असायचा, त्यामुळे घरात हे दोघंच. दोघांचं चांगलं जमत होतं. अडचण झाली ती टेलिफोनची.

सरांचा थोरला भाऊ, दादा, बसने सात तासांवरच्या शहरात आपल्या मुलीकडे अंथरुणाला खिळून होता. दर रविवारी दोघा भावांचं बोलणं होई. पूर्वी सर स्वतः नंबर फिरवायचे. हात बिघडल्यावर त्यांनी हट्टाने काही महिने तसंच चालू ठेवलं, पण पाच दाबायला गेलेलं बोट आठवर पडायचं आणि फोन लागायचा एका लाकडाच्या वखारीत. पहिल्या वेळी वखारवाला खेकसला. चौथ्या वेळी त्याने "काका, पाच, पाच," असं समजावलं. नवव्या वेळेनंतर तो "भावाची तब्येत कशी आहे आता?" असं आपणहून विचारू लागला, आणि सरांनी फोनला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्यानंतर नंबर सून लावायची आणि फोन सरांच्या कानाशी धरून उभी राहायची. वीतभर अंतरावर तिचा चेहरा. अशा वेळी "जेवलास का, औषध घेतलंस का," यापलीकडे माणूस काय बोलणार?

आणि सरांना यापलीकडचंच बोलायचं होतं. सव्वीस वर्षं बोलायचं राहिलं होतं.

गोष्ट सांगायला गेलं तर एका वाक्याची आहे. घरची परिस्थिती बघून दादाने सातवीत शाळा सोडली आणि बसडेपोत हेल्पर म्हणून लागला, म्हणून धाकटा शिकला. पुढे धाकट्याच्या क्लासला पंचवीस वर्षं झाली. समारंभ होता, प्रमुख पाहुणे होते, सरांच्या अंगात कोट होता. दादा ड्यूटीवरून तसाच आला, हातांना ग्रीस, खांद्यावर डेपोचा फडका. पाहुण्यांनी सहज विचारलं, "हे कोण?" आणि सर म्हणाले, "आमच्या ओळखीचे आहेत."

दादाने हात विजारीला पुसले आणि मान हलवून म्हणाला, "हो, ओळख आहे आमची." फोटो काढायच्या वेळी तो कडेला उभा राहिला. पुढच्या रविवारी फोन त्याचाच आला. "जेवलास का, धाकट्या?" त्या दिवसाचा विषय त्याने जन्मात काढला नाही. काढला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर सर सुटले असते. आता दादा ऐंशी पार करून दिवस मोजत होता, आणि सरांना ते एक वाक्य परत घ्यायचं होतं. सुनेच्या समोर नाही. सगळ्या जगात आपल्याला काटेकोर आणि सरळ समजणारं ते एकच माणूस उरलं होतं, आणि फोन नेमका तेच धरून उभं राहायचं.

अशा पेचात असताना वरच्या मजल्यावरचे वजनमापवाले एक माहितीपत्रक घेऊन आले. हे गृहस्थ वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नव्हती. इमारतीत कोणाची पाण्याची टाकी किती भरते आणि कोणाच्या घरचा पंखा मिनिटाला किती फेरे घेतो हे त्यांना माहीत असे. "टेलिफोन कार्यालयाची नवी सोय आहे," ते म्हणाले. "हात लावायचाच नाही. नुसतं बोलायचं. 'अमक्याला फोन लाव' म्हटलं की यंत्र लावतं. फक्त तुमच्याच आवाजाला ओळखतं. मी असतो तर घेतलं नसतं, पण तुम्ही घ्या."

सरांनी दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन टेलिफोन कार्यालय गाठलं. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज भरून घेतला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे सही."

"सही करता येत नाही. हात थरथरतात. म्हणून तर ही सोय हवी आहे," सर म्हणाले.

"ते बरोबर आहे. पण अर्ज सहीशिवाय घेता येत नाही."

"बाई, सही करता आली असती तर मी अर्ज केला नसता."

"मग नका करू," बाई अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

पाऊण तास हे असं चाललं. मागे रांग वाढली. रांगेतल्या एकाने सरांच्या वतीने सही ठोकून द्यायची तयारी दाखवली, दुसऱ्याने त्याला कायदा सांगितला. शेवटी आतून एक साहेब आले आणि म्हणाले, "आजोबांचा अंगठा घ्या, संपवा."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरांच्या क्लासच्या भिंतीवर छत्तीस वर्षं एकच पाटी होती: 'अंगठा फक्त स्पेसबारसाठी.' त्या माणसाचा अंगठा निळ्या शाईच्या डबीत घातला गेला. बरं, तोही स्थिर राहीना. कागदावर एकाच्या जागी चार ठसे उमटले. "हे चार अर्जदार दिसतायत," बाई म्हणाल्या आणि नवा अर्ज काढला. दुसऱ्या खेपेला सुनेने सरांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. ठसा नीट उमटला. सर खिडकीबाहेर बघत होते. परत येताना रिक्षात त्यांनी तो हात सदऱ्याखाली लपवून ठेवला, आणि सून सबंध वाटभर दुसऱ्या बाजूच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिली.

पुढे दोन साक्षीदार लागले. अर्जदाराचा आवाज हा अर्जदाराचाच आहे असं त्यांनी लिहून द्यायचं होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने न वाचताच सही केली. वजनमापवाल्यांनी मात्र सरांना पडद्यामागे उभं केलं, स्वतः डोळे मिटून खुर्चीत बसले आणि वेगवेगळ्या उंचीत बोलायला लावलं. अर्ध्या तासाने "नव्वद टक्के तुमचाच आहे" असा निर्वाळा देऊन त्यांनी सही केली. उरलेले दहा टक्के कोणाचे, हे सरांनी विचारलं नाही.

मग तीन आठवड्यांनी तंत्रज्ञ आला. त्याला त्या दिवशी आणखी सहा घरं करायची होती. त्याने टेलिफोनशेजारी एक चपटी पेटी बसवली, तिच्यावर हिरवा दिवा. "काका, आता नमुना द्या. प्रत्येक हुकूम तीनदा. साधं बोला, नेहमी बोलता तसं."

नमुना म्हटल्यावर सर खुर्चीत ताठ झाले. छत्तीस वर्षांत नमुना या शब्दाचा त्यांना एकच अर्थ माहीत होता. त्यांनी घसा साफ केला, डोळे खिडकीबाहेर लावले आणि क्लासात डिक्टेशन द्यायचे त्या खणखणीत, सावकाश, शब्द सुटे करणाऱ्या आवाजात म्हणाले, "दादाला फोन लाव पूर्णविराम."

तंत्रज्ञाने डोकं वर केलं. "काका, पूर्णविराम कशाला?"

"वाक्य संपल्यावर काय देतात?"

"बोलताना कोण देतं?"

"मी देतो," सर म्हणाले. आणि खरंच, शब्द सांगून लिहून घ्यायच्या आवाजात एकदा शिरले की विरामचिन्हं त्यांच्या तोंडून आपोआप पडत. विरामचिन्ह गाळलं की तो मजकूर नसून आरडाओरडा असतो, असं ते वर्गात सांगत आलेले. तंत्रज्ञाने घड्याळ बघितलं. त्याने 'दादाला फोन लाव पूर्णविराम' तीनदा घेतलं, 'फोन घे पूर्णविराम' तीनदा घेतलं, 'फोन ठेव पूर्णविराम' तीनदा घेतलं, आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

पेटी चालू लागली, पण आपल्या अटीवर. सर नेहमीच्या आवाजात बोलले की ती म्हणे, "आवाज ओळखता आला नाही. कृपया नमुन्यातल्या आवाजात बोला." मग सरांना पाठ ताठ करावी लागे, मान वर करावी लागे आणि वर्गात शिरावं लागे. पडसं झालं तर पेटी ऐकेना. जेवल्यावर आवाज जड झाला तर ऐकेना. एकदा सरांना हसू येत असताना त्यांनी हुकूम सोडला, तर पेटीने तोही नाकारला. सून म्हणाली, "सर, ही आम्हाला शिकवायचात तेव्हाच्या तुमच्यासारखीच आहे." सरांना ते लागलं आणि आवडलंही.

आणखी एक लचांड सुरू झालं. सून घरच्या याच फोनवर ऑफिसशी बोलत असली की तो मध्येच कट होऊ लागला. एका आठवड्यात पाच वेळा. औषधवाला म्हणाला, तारेवर पक्षी बसतात. वजनमापवाल्यांनी इमारतीतल्या सगळ्यांच्या विजेच्या वापराची नोंद घेतली आणि दोष तळमजल्यावरच्या इस्त्रीचा असल्याचं जाहीर केलं. तळमजला आणि पहिला मजला चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. त्या पाचही वेळी सर आतल्या खोलीत दार उघडं ठेवून येरझारा घालत, मोठ्याने काहीतरी पाठ करत होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सरांच्याही नाही.

पाठ करत होते ते दादासाठीच. तोंडी बोलायला गेलं की आपली गाडी 'जेवलास का' वर अडणार हे सरांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी माफीचं रीतसर पत्र तयार केलं. हाताने लिहिता येत नव्हतं, तेव्हा मनातच रचलं, विरामचिन्हांसकट. मायना काय घालावा यावर दोन दिवस गेले. घरच्या वडीलधाऱ्यांना तीर्थरूप, बाहेरच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हा फरक त्यांनी हजारो मुलांकडून घोटून घेतला होता. वसतिगृहात असताना ते दादाला दर आठवड्याला पत्र लिहीत, 'तीर्थरूप दादांस' असं. पुढे क्लास सुरू झाला, वेळ कमी पडू लागला, पत्रं थांबली. त्या समारंभाचं निमंत्रणही दादाला इतर दोनशे जणांसारखंच छापील गेलं होतं. वर 'सन्माननीय महोदय' होतं. सरांना हे आठवलं आणि येरझारा घालता घालता ते पलंगाच्या कडेवर बसले.

मग पुतणीचा फोन आला. "काका, बाबा आता बोलत नाहीत फारसे. डॉक्टर म्हणतात, थोडेच दिवस. कानालाही कमी येतंय. अगदी मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा बोललं तर कळतं त्यांना."

मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा. म्हणजे सरांचाच आवाज. जणू त्यांनी आयुष्यभर त्याचीच तयारी केली होती. बुधवारी दुपारी चारला सून कामावर असते. त्यांनी पुतणीला सांगून ठेवलं, बुधवारी चारला फोन दादाच्या उशाशी ठेव.

बुधवारी त्यांनी धुतलेला सदरा घातला. बोटांना बटणं लावता येईनात, म्हणून वरची दोन उघडीच राहिली. दादाला ऐकू जावं म्हणून पेटीचा आवाज आणि आपला आवाज, दोन्ही वाढवता येतील तेवढे वाढवले. जिन्यातलं दार हवेसाठी उघडं होतं, इकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते खुर्चीत ताठ बसले. "दादाला फोन लाव पूर्णविराम."

"लावत आहे," पेटी म्हणाली. पलीकडे घंटा वाजली, पुतणीने उचललं. "ठेवते काका बाबांच्या कानाशी." मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला. जड, घरघरणारा, ओळखीचा श्वास. सरांनी डोळे खिडकीबाहेर लावले.

"तीर्थरूप दादांस स्वल्पविराम," ते खणखणीत म्हणाले, "शिरसाष्टांग नमस्कार पूर्णविराम."

आणि मग ते थांबले नाहीत. छत्तीस वर्षांत भर डिक्टेशनमध्ये त्यांना थांबवायची कोणाची छाती झाली नव्हती. त्यांनी तो दिवस सांगितला, कोट सांगितला, ग्रीसचे हात सांगितले. 'पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मला तुझी लाज वाटली स्वल्पविराम आणि त्या क्षणापासून मला माझी लाज वाटते आहे पूर्णविराम.' 'तू शाळा सोडलीस तेव्हा तुझी पाटी मला दिलीस स्वल्पविराम ती मी फोडली तरी तू काही बोलला नाहीस पूर्णविराम.' 'त्याही दिवशी तू काही बोलला नाहीस पूर्णविराम दादा स्वल्पविराम तू बोलायला हवं होतंस पूर्णविराम.' पत्रात नव्हतं तेही त्यात आलं. आवाज चिरायला लागला तसा त्यांनी तो आणखी चढवला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. चार मिनिटांनी "तुझा धाकटा" म्हणून त्यांनी संपवलं, आणि उत्तराची वाट बघत बसले.

पलीकडून काही आलं नाही. सरांना वाटलं, दादा नेहमीसारखा गप्प आहे. "दादा, ऐकलंस ना?" त्यांनी साध्या आवाजात विचारलं. "काहीतरी बोल. शिवी दे."

दारात कोणीतरी घसा खाकरला. वजनमापवाले उभे होते. मागे जिन्यात तळमजला होता, पहिला मजला होता, दोघं शेजारी शेजारी, आणि कोणाचेही डोळे कोरडे नव्हते. "सर," वजनमापवाले अगदी हळू म्हणाले, "दिवा विझलाय. सुरुवातीलाच विझला. पेटी 'फोन ठेवला' म्हणाली, पण तुम्ही बोलत होतात. मध्ये बोलावं कसं ते आम्हाला कळेना."

सरांनी पेटीकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे बघितलं. सगळ्या इमारतीने ऐकलं होतं, रस्त्यावरच्या दोन परक्यांनी ऐकलं होतं. ज्याने ऐकायचं फक्त त्यानेच ऐकलं नव्हतं.

पेटीने आपलं काम चोख केलं होतं. फोन चालू असताना तिला एकच हुकूम पाळायचा असतो, फोन ठेवायचा, आणि त्या हुकमाची खूण म्हणून तिने वाक्याचा शेवटचा शब्द, पूर्णविराम, लक्षात ठेवला होता. हे तंत्रज्ञाने संध्याकाळी फोनवर सुनेला सांगितलं, सुनेने सरांना. सुनेचे ते पाच फोनही त्या पूर्णविरामानेच कापले होते. नमुना बदलायचा तर नवा अर्ज करावा लागेल, असंही तो म्हणाला.

सून घरी आली तेव्हा तिला जिन्यातच सगळं कळलं होतं. तिने कपात अर्धा चहा ओतला आणि समोर बसली. मग ती म्हणाली, "सर, क्लासमधल्या त्या समारंभाच्या फोटोखाली सगळ्यांची नावं टाइप केलेली आहेत. कडेच्या माणसाचं नाही. मी पहिल्याच महिन्यात बघितलं होतं."

"विचारलं नाहीस कधी."

"तुम्ही सांगाल असं वाटायचं," ती म्हणाली आणि उरलेला अर्धा चहा ओतला.

तेवढ्यात पुतणीचा फोन आला. सुनेने उचलून सरांच्या कानाशी धरला. वीतभर अंतरावर तिचा चेहरा होता आणि आता त्याचं काही वाटत नव्हतं. "काका, मघाशी कट झाला फोन. मी लावत होते, पण लागलाच नाही. बाबांनी मायना ऐकला हां. हसले. कितीतरी दिवसांनी हसले. 'पत्र आलं धाकट्याचं,' असं म्हणाले. मग माझा हात धरून म्हणाले, 'पुढचं वाच.' मी म्हटलं, काका उद्या वाचतील. आता झोपलेत."

"उद्या सकाळी आठला," सर म्हणाले. "उद्या मी एकही चिन्ह देणार नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला समोर बसवून पत्राची तालीम केली. विरामचिन्ह तोंडून निसटलं की ती टेबलावर पेन्सिल आपटायची, जशी ते पूर्वी आपटायचे. पहिल्या खेपेला एकोणीस वेळा पेन्सिल आपटली. पाचव्या खेपेला एकदाही नाही. सरांना खूप वर्षांनी परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं, आणि ते दोन घास जास्त जेवले.

सकाळी पावणेसातला फोन वाजला. सरांनी "फोन घे" म्हटलं, पण झोपेतून उठल्यामुळे आवाज घोगरा आला आणि पेटी म्हणाली, "आवाज ओळखता आला नाही." फोन वाजत राहिला. सून स्वयंपाकघरातून आली, तिने उचलला, ऐकला, आणि सरांकडे बघितलं. बघितल्यावर सांगायचं काही उरलं नाही.

दादा पहाटे झोपेतच गेला होता. बसने सात तास, आणि तिकडे अकराला न्यायचं ठरलेलं. शिवाय हे हात, हे पाय. जाणं शक्यच नव्हतं. सर खुर्चीत बसून राहिले. मग पेटीला म्हणाले, "दादाला फोन लाव." पेटी म्हणाली, "कृपया नमुन्यातल्या आवाजात बोला." त्यांनी पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. सून पुढे झाली तसं त्यांनी तिला थांबवलं. पाठ ताठ केली, मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याला त्यांचा इलाज नव्हता, पण आवाज वर्गातला होता. "दादाला फोन लाव पूर्णविराम."

पुतणीने उचललं. "काका, फोन बाबांच्या उशाशीच ठेवते. तुम्ही इथेच आहात असं समजा," म्हणाली आणि रडत आत गेली.

हिरवा दिवा लागला होता. तिकडून सतरंजी ओढल्याचा आवाज आला, भांड्याचा आला, चपला काढल्याचे आले. माणसं येत होती, दबक्या आवाजात बोलत होती. सर ऐकत राहिले. पाठ केलेलं पत्र त्यांच्याकडे होतं, पण ते आता कोणाला वाचून दाखवायचं? दारात वजनमापवाले येऊन उभे राहिले आणि काहीही न तपासता भिंतीशी बसले.

साडेनऊच्या सुमाराला तिकडे बरीच माणसं एकदम आली. डेपोतली असावीत. कोणीतरी अगदी जवळ येऊन वाकलं. "हा फोन चालू दिसतोय," एक जाड, थकलेला आवाज म्हणाला. "हॅलो? कोण आहे? आपण कोण यांचे?"

खोलीत सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी खुर्चीचे हात धरले.

"मी त्यांचा धाकटा भाऊ बोलतोय," ते म्हणाले. प्रत्येक शब्द सुटा, खणखणीत, तिकडच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. "सख्खा. त्यांनी शाळा सोडली म्हणून मी शिकलो. ते माझे तीर्थरूप."

सवयीने पुढचा शब्द ओठांवर आला. सुनेने पेन्सिल उचललीही. सरांनी तो गिळला.

मग तो आवाज म्हणाला, "म्हणजे टायपिंगवाले सर? अहो, आम्ही ओळखतो की तुम्हाला. दादा डेपोत सारखा तुमचंच सांगायचा. त्या समारंभाचा तुमचा फोटो त्याच्या लॉकरच्या दाराला आतून लावलेला होता, अगदी निवृत्त होईपर्यंत. कोणी विचारलं की दाखवायचा. कोट घातलेला तो माझा धाकटा, म्हणायचा."

अकराला तिकडे हालचाल वाढली, खूप पावलं वाजली, पुतणीचा हंबरडा ऐकू आला, मग पावलं लांब गेली. मागे एक रिकामी खोली राहिली आणि तिच्यातला पंखा. इकडे हिरवा दिवा तसाच जळत होता.

"सर, ठेवू आता?" सुनेने विचारलं.

"राहू दे," सर म्हणाले.